लवाद नेमायचा कोणी? बांधकाम कंत्राटांतील वादाची पहिली पायरी

पूल उभा राहतो, रस्ता वाहतुकीसाठी खुला होतो. मात्र कंत्राटदार आणि सरकारी खाते यांच्यातील पैशांचा वाद पुढे अनेक वर्षे रेंगाळतो. या वादाचा निवाडा करणारा लवाद कोणी नेमायचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. गेल्या पाव शतकात मात्र याच एका प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला पाच आणि सात न्यायमूर्तींची पीठे बसवावी लागली आहेत.

समजा, एका मध्यम आकाराच्या कंपनीने शहरातील उड्डाणपुलाचे काम घेतले. निविदेत मुदत अठरा महिन्यांची होती; प्रत्यक्षात तीन वर्षे लागली. कंत्राटदाराचे म्हणणे असे, की जागाच वेळेवर ताब्यात मिळाली नाही, जलवाहिन्या आणि विजेच्या केबल हलविण्यात वर्ष गेले, नकाशे दोनदा बदलले. त्या काळात यंत्रसामग्री आणि मजूर बसून राहिले आणि पोलाद-सिमेंटचे भाव चढले. खात्याचे म्हणणे नेमके उलटे. विलंब कंत्राटदाराचा, म्हणून दंडही त्यालाच. दंडाची रक्कम अंतिम देयकातून कापली जाते, अनामत रक्कम अडकते, बँक हमी वटविण्याची भाषा सुरू होते.

कंत्राटाच्या शेवटच्या पानांवर एक अट असते. वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवावा आणि लवादाची नेमणूक खात्याच्या मुख्य अभियंत्याने करावी, असे त्यात म्हटलेले असते. कंत्राटदार नोटीस पाठवितो. महिना उलटतो. उत्तर येत नाही, किंवा येते तेव्हा खात्यातीलच एका अधिकाऱ्याचे नाव घेऊन येते. अशा वेळी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याचा मार्ग कायद्याने ठेवला आहे. न्यायालय तेथे वादाचा निकाल देत नाही. निकाल कोण देईल, एवढेच ठरविते. पण पुढच्या साऱ्या प्रकरणाची दिशा याच टप्प्यावर ठरते.

लवादच कशासाठी?

बांधकामाच्या वादात मोजमाप पुस्तकातील नोंदी, कामाच्या जागेवरील पत्रव्यवहार, दर विश्लेषण, हवामानाच्या नोंदी अशा हजारो कागदांचा प्रश्न असतो. दिवाणी न्यायालयात हे सारे पुराव्यात आणायचे, तर खटला वर्षानुवर्षे चालणार. म्हणून दोन्ही पक्षांनी आधीच ठरवून एखाद्या जाणकार, तटस्थ व्यक्तीकडे वाद सोपवायचा आणि तिचा निवाडा मान्य करायचा, ही लवादाची मूळ कल्पना. आपल्याकडे पंचांपुढे वाद मिटविण्याची पद्धत जुनीच आहे. कायद्याने तिला विधिवत रूप आणि बंधनकारक बळ दिले.

१९४० च्या लवाद कायद्याने हे साधले नाही. लवाद नेमण्यापासून निवाड्याला हुकूमनाम्याचे रूप देण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर न्यायालयात जावे लागे. १९८१ मध्ये गुरु नानक फाउंडेशनच्या इमारत बांधकामाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यामुळे निर्माण झालेल्या गुंत्यावर अतिशय कडक शब्दांत टीका केली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेल्या आदर्श कायद्याच्या धर्तीवर १९९६ चा लवाद आणि समेट कायदा आला. न्यायालयांचा हस्तक्षेप कमीत कमी असावा, हे त्याचे सूत्र. तरीही एका ठिकाणी न्यायालयाची गरज उरलीच. दोन्ही पक्ष लवादाच्या नावावर एकमत करीत नसतील, तर कोणीतरी तो नेमायला हवा. ही तरतूद कलम ११ मध्ये आहे.

तीस दिवसांचा हिशेब

प्रक्रियेची सुरुवात होते ती नोटिशीने. वाद लवादाकडे सोपवावा, अशी लेखी मागणी प्रतिपक्षाच्या हाती पडते, त्या दिवशी लवाद प्रक्रिया सुरू झाली असे कलम २१ मानते. त्यामुळे ही नोटीस आणि तिची पोच हा पुढील अर्जाचा पाया ठरतो.

एकच लवाद नेमायचा असेल आणि नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत नावावर एकमत झाले नाही, तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तीन लवादांचे मंडळ असेल, तर प्रत्येक पक्ष एकेक लवाद नेमतो आणि ते दोघे मिळून तिसरा, म्हणजे अध्यक्ष लवाद, निवडतात. तेथेही प्रत्येक टप्प्याला तीस दिवसांचीच मुदत आहे. कंत्राटातच नेमणुकीची वेगळी पद्धत ठरलेली असेल आणि एखाद्या पक्षाने ती पाळली नाही, तर कलम ११ (६) खाली दाद मागता येते. बहुतेक सरकारी कंत्राटांतील अर्ज याच पोटकलमाखाली येतात.

तीस दिवस उलटले, पण कंत्राटदार अजून न्यायालयात गेलेला नाही, अशा स्थितीत खात्याने घाईने लवाद नेमला तर काय? दातार स्विचगिअर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याचे उत्तर दिले. ११ (६) खालील प्रकरणात समोरचा पक्ष न्यायालयात अर्ज दाखल करेपर्यंत नेमणुकीचा हक्क शिल्लक राहतो. एकदा अर्ज दाखल झाला, की तो हक्क संपतो. न्यायालयात अर्ज पडल्याचे कळल्यावर मागच्या दाराने लवाद नेमण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

देशांतर्गत वादांत अर्ज उच्च न्यायालयाकडे जातो. एक पक्ष परदेशी असेल आणि वाद व्यापारी स्वरूपाचा असेल, तर तो थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जातो. कोणत्या राज्यातील उच्च न्यायालयात जायचे, हे सामान्यतः कंत्राटात लवादाचे स्थान म्हणून जे शहर लिहिलेले असते त्यावर ठरते. काम गडचिरोलीत आणि लवादाचे स्थान नवी दिल्ली, असे लिहिलेले असेल तर कंत्राटदाराला दिल्लीची वारी करावी लागते. सही करताना ही ओळ क्वचितच कोणी वाचतो.

न्यायालयाने किती खोलात जायचे?

अर्ज आल्यावर न्यायाधीशांनी नुसते नाव सुचवायचे, की वादात तथ्य आहे का हेही पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे आणि त्याची सुरुवात कोकणच्या मातीशी नाते सांगणाऱ्या एका प्रकरणाने झाली. कोकण रेल्वे महामंडळ विरुद्ध राणी कन्स्ट्रक्शन या प्रकरणात २००२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही नेमणूक निव्वळ प्रशासकीय स्वरूपाची असल्याचे सांगितले. हरकती असतील तर त्या लवादापुढे मांडाव्यात, असा त्याचा अर्थ होता.

तीन वर्षांतच हे चित्र पालटले. २६ ऑक्टोबर २००५ रोजी एसबीपी आणि कंपनी विरुद्ध पटेल इंजिनीअरिंग या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने हा अधिकार न्यायिक स्वरूपाचा असल्याचा निर्वाळा दिला. करार वैध आहे का, दावा मुदतबाह्य आहे का, व्यवहार आधीच मिटला आहे का, असे प्राथमिक प्रश्न त्यानंतर न्यायालयापुढेच उभे राहू लागले. हेतू निरर्थक दावे रोखण्याचा होता. व्यवहारात मात्र लवाद नेमण्याचा अर्ज हाच एक छोटा खटला बनला. हरकतींवर उत्तरे, उत्तरांवर प्रत्युत्तरे, आणि तोवर लवादाचे नावही नाही, अशी स्थिती आली.

शेवटी संसदेने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कलम ११ (६अ) घातले. लवादाचा करार अस्तित्वात आहे की नाही, एवढेच न्यायालयाने तपासावे, असे त्यात स्पष्ट केले. तरीही निकालांचा लंबक इकडून तिकडे हलत राहिला. २०२० मधील विद्या द्रोलिया निकालाने उघडउघड निरर्थक दावे दारातच थांबविण्याची थोडी मोकळीक ठेवली. जुलै २०२४ मध्ये एसबीआय जनरल इन्शुरन्स विरुद्ध कृष स्पिनिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कक्षा पुन्हा आखडती केली. करार सकृद्दर्शनी आहे का आणि नेमणुकीचा अर्ज मुदतीत आहे का, एवढे पाहून बाकीचे प्रश्न लवादावर सोडावेत, अशी आजची भूमिका आहे.

'नो क्लेम' प्रमाणपत्राचा तिढा

या कायदेशीर बारकाव्यांचा व्यवहारात सर्वाधिक परिणाम होतो तो 'आमची आता काहीही मागणी नाही' अशा प्रमाणपत्रावर. अंतिम देयक हाती पडण्यापूर्वी किंवा बँक हमी परत मिळण्यापूर्वी कंत्राटदाराकडून असा कागद लिहून घेतला जातो. कर्जाचे हप्ते आणि पुरवठादारांची देणी डोक्यावर असलेला कंत्राटदार सही करतो, आणि नंतर ती दबावाखाली केल्याचे सांगतो. खाते तोच कागद न्यायालयात पुढे करते आणि वाद संपल्याचे म्हणते.

बोघारा पॉलिफॅब प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी सही जबरदस्तीने घेतल्याचा आरोप असेल तर नुसत्या कागदामुळे लवादाचा मार्ग बंद होत नाही. त्याचबरोबर मास्टर कन्स्ट्रक्शन प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयाने बजावले, की आधाराविना केलेला दबावाचा आरोप पुरेसा नाही. एनटीपीसी विरुद्ध एसपीएमएल इन्फ्रा या २०२३ च्या निकालात कंपनीने तडजोड करून बँक हमी परत घेतल्यानंतर आर्थिक दबावाचा मुद्दा काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने लवाद नेमण्याची प्रक्रिया सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२४ च्या निकालानंतर मात्र तडजोड खरी की दबावाखालची, हा प्रश्न प्राधान्याने लवादाचाच ठरला आहे. दबाव सिद्ध करायची जबाबदारी अर्थातच कंत्राटदारावर राहते. सही केली त्याच सुमारास लेखी निषेध नोंदविला होता का, हा प्रश्न तेथे विचारला जाणारच.

अट आहे, पण ती लवादाची आहे का?

प्रत्येक 'अंतिम निर्णय' म्हणजे लवाद नव्हे. अनेक शासकीय निविदांत कामाचा दर्जा, नकाशे आणि साहित्य यांबाबत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील, अशी अट असते. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध टिप्पर चंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये अशी अट हा लवादाचा करार नसल्याचे ठरविले. ती कामावरील देखरेखीची व्यवस्था आहे. दोन्ही बाजू ऐकून निवाडा देण्याची नाही, असा त्यामागचा विचार.

शब्दयोजनाही निर्णायक ठरते. पक्षांची इच्छा असल्यास वाद लवादाकडे 'सोपविता येईल', अशी भाषा असेल तर ती बंधनकारक नाही, हे २००७ मधील जगदीश चंदर निकालाने सांगितले. जुलै २०२५ मध्ये ईस्टर्न कोलफील्ड्सच्या एका कंत्राटाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. 'सोपविला जाईल' आणि 'सोपविता येईल' या दोन क्रियापदांच्या अंतरात कोट्यवधी रुपयांचा मार्ग अडू शकतो.

मुद्रांक शुल्काचा अडसरही काही वर्षे मोठा होता. महाराष्ट्रातील दोन कंपन्यांच्या वादात तो ठळकपणे समोर आला. ओडिशातील पेंथा गावी समुद्राची धूप रोखण्यासाठी बांध घालण्याचे काम गरवारे वॉल रोप्सकडे होते आणि त्यातील काही काम उपकंत्राटाने कोस्टल मरीन कन्स्ट्रक्शन्सकडे गेले होते. उपकंत्राटावर मुद्रांक शुल्क भरलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने लवाद नेमला. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली आणि आधी शुल्क भरून घ्यावे असे सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हाच कल कायम ठेवला. मात्र १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींनी तो निकाल फिरविला. मुद्रांक नसणे हा दुरुस्त होण्याजोगा दोष आहे, त्याने करार मुळातून निरर्थक ठरत नाही आणि त्याची तपासणी लवादाने करावी, असे त्यांनी स्पष्ट केले. नेमणुकीच्या अर्जात महिनोन्‌महिने घालविणारी एक हरकत त्यामुळे दूर झाली.

खात्याचाच माणूस लवाद?

या साऱ्या वादाचे मर्म आहे ते लवादाच्या निःपक्षपातीपणात. अनेक वर्षे सरकारी कंत्राटांत खात्याचा किंवा महामंडळाचा अधिकारीच लवाद असे. कामाची तांत्रिक जाण त्याला असते आणि अट कंत्राटदाराने डोळे उघडे ठेवून स्वीकारली आहे, असा युक्तिवाद केला जाई. २००९ पर्यंतच्या निकालांत न्यायालयांनीही एवढ्यावरून अशी नेमणूक अवैध मानली नव्हती. ज्या कार्यालयाने देयक नाकारले, त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाने ते नाकारणे योग्य होते का हे ठरवायचे, असा तो प्रकार होता.

२३ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे बदलले. कलम १२ (५) आणि सातव्या अनुसूचीनुसार एखाद्या पक्षाचा कर्मचारी, सल्लागार किंवा त्याच्याशी व्यावसायिक संबंध असलेली व्यक्ती लवाद होऊ शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी स्पष्ट लेखी संमती दिली तरच हा निर्बंध दूर होतो.

मग पुढचा प्रश्न आला. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक स्वतः लवाद होऊ शकत नसतील, तर ते दुसऱ्याला नेमू शकतात का? २०१७ मध्ये टीआरएफ विरुद्ध एनर्गो या निकालात, स्वतः लवाद म्हणून नाव असलेल्या अपात्र अधिकाऱ्याला पर्यायी लवादही नेमता येणार नाही, असे ठरले. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी पर्किन्स ईस्टमन प्रकरणात न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या पीठाने हे तत्त्व आणखी पुढे नेले. आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे उभ्या राहणाऱ्या 'एम्स'च्या आराखड्याचे काम न्यूयॉर्कच्या या वास्तुरचनाकार संस्थेकडे होते. वादात एकमेव लवाद नेमण्याचा हक्क एचएससीसी या सरकारी कंपनीच्या प्रमुखाकडे होता. वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे, त्याला एकमेव लवाद नेमण्याचा एकतर्फी हक्क असू नये, असे सांगून न्यायालयाने स्वतःच लवाद नेमला.

तरीही पळवाट उरली होती ती यादीची. रेल्वेसारखी मोठी खाती निवृत्त अधिकाऱ्यांची यादी कंत्राटदारापुढे ठेवून त्यातूनच नावे निवडायला सांगत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेल्वे विद्युतीकरण संघटनेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ही पद्धत मान्य केली. हा विसंवाद अखेर घटनापीठापुढे गेला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला. सरकारी उपक्रम संभाव्य लवादांची यादी ठेवू शकतील, पण दुसऱ्या पक्षावर त्या यादीतूनच निवड करण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारी आणि खासगी पक्षांतील कंत्राटांत अशी एकतर्फी नेमणुकीची अट राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरते. तीन सदस्यांच्या लवाद मंडळांपुरता हा निकाल त्या तारखेनंतरच्या नेमणुकांना लागू राहील, असेही पीठाने नमूद केले.

नेमणुकीनंतर काय?

न्यायालय सामान्यतः निवृत्त न्यायाधीश, ज्येष्ठ वकील किंवा अनुभवी अभियंता यांची निवड करते. त्याआधी त्या व्यक्तीकडून लेखी प्रकटन घेतले जाते. कोणत्याही पक्षाशी हितसंबंध आहेत का आणि बारा महिन्यांत काम पूर्ण करण्याएवढा वेळ आहे का, हे त्यात सांगावे लागते. सर्व मुद्दे लवादापुढे मांडण्यास दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, असे बहुतेक आदेशांच्या शेवटी लिहिलेले असते. या आदेशाविरुद्ध कायद्यात अपील नाही. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करणे एवढाच मार्ग राहतो.

खर्चाचे गणितही लक्षात घ्यायला हवे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शुल्काचा नमुना दिला आहे. पाच कोटी रुपयांच्या दाव्यासाठी त्यानुसार शुल्क ७ लाख ३७ हजार ५०० रुपये होते. एकच लवाद असेल तर त्यावर २५ टक्के अधिक, म्हणजे ९ लाख २१ हजार ८७५ रुपये. मोठ्या दाव्यांत मूळ शुल्काची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे. लवादांनी आपले शुल्क एकतर्फी ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध ॲफकॉन्स या निकालात बजावले आहे. शिवाय दावा आणि प्रतिदावा यांचे शुल्क वेगवेगळे मोजले जाते. लहान उपकंत्राटदाराच्या दृष्टीने हा भार किरकोळ नाही.

निवाड्यासाठी, दोन्ही बाजूंची निवेदने पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे. परस्परसंमतीने ती सहा महिने वाढविता येते. त्यापुढे न्यायालयाची परवानगी लागते. नेमणुकीच्या अर्जावर प्रतिपक्षाला नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निर्णय देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो. वास्तव वेगळे आहे. लष्करी अभियांत्रिकी सेवेच्या एका कंत्राटातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, वर्षाहून अधिक काळ पडून असलेले असे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावेत, अशी सूचना उच्च न्यायालयांना केली होती.

ही दिरंगाई केवळ कंत्राटदाराला महाग पडते असे नाही. लवादाने पैसे देण्याचा आदेश दिला आणि वेगळा दर ठरविला नाही, तर निवाड्याच्या तारखेपासून प्रचलित दराहून दोन टक्के जास्त व्याज चढते. खात्याने वाद लांबविला, तर ते व्याज शेवटी करदात्यांच्या पैशातून जाते. काम अर्धवट राहिले असेल, तर वाहतूक कोंडीची किंमतही नागरिकच मोजतात.

उशीर झाला तर?

मुदतीचे दोन वेगवेगळे हिशेब असतात आणि त्यांची गल्लत अनेकांना भोवते. नोटीस देऊनही लवाद नेमला गेला नाही, की त्या दिवसापासून तीन वर्षांत न्यायालयात अर्ज करायला हवा. पण मूळ मागणी त्याआधीच मुदतबाह्य झाली असेल, तर अर्ज वेळेत असूनही उपयोग होत नाही. बीएसएनएल विरुद्ध नोर्टेल या २०२१ च्या प्रकरणात कंपनीची मागणी ऑगस्ट २०१४ मध्ये फेटाळली गेली होती आणि लवादाची नोटीस एप्रिल २०२० मध्ये निघाली. मधल्या साडेपाच वर्षांमुळे सर्वोच्च न्यायालयाने लवाद नेमण्यास नकार दिला. खात्याशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबते, हा समज चुकीचा आहे.

लवाद नेमला जाईपर्यंत कलम ९ खाली तातडीचा दिलासा मागता येतो. बँक हमी वटविण्याला स्थगिती मात्र सहजासहजी मिळत नाही. गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते. असा दिलासा आधीच मिळाला, तर नव्वद दिवसांत लवाद प्रक्रिया सुरू करावी लागते.

सोसायट्यांनीही वाचावे

हा विषय केवळ मोठ्या कंत्राटदारांचा नाही. मुंबई, ठाणे, पुणे येथील जुन्या सोसायट्या पुनर्विकासासाठी विकासकाशी जो करार करतात, त्यातही बहुधा लवादाची अट असते. भाडे थकले, काम रखडले, जादा क्षेत्र मिळाले नाही, की तीच अट सोसायटीच्या कामी येते किंवा आड येते. सोसायटीने बहुमताने केलेल्या पुनर्विकासाच्या कराराला विरोध करणाऱ्या सभासदांनाही त्या प्रक्रियेत आदेश लागू होऊ शकतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. विकासकाच्याच वास्तुविशारदाचे नाव लवाद म्हणून छापलेले असेल, तर सर्वसाधारण सभेत मंजुरीपूर्वीच त्यावर बोट ठेवायला हवे.

सदनिका खरेदी करणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. खरेदी करारात लवादाची अट असली, तरी ग्राहक मंचाकडे जाण्याचा हक्क शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात कायम केले. महारेराचा मार्गही त्यांना आहे.

दुसरीकडे, सरकारच लवादापासून दूर सरकू लागले आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी खरेदीच्या देशांतर्गत कंत्राटांत लवादाची अट सरसकट घालू नये. ती साधारणपणे दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरती ठेवावी आणि मोठ्या वादांत मध्यस्थीला प्राधान्य द्यावे, असे सुचविले आहे. मध्यस्थीने वाद मिटला नाही, तर कंत्राटदारापुढे दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरेल. ज्या दिरंगाईला कंटाळून लवाद आला, तिथेच हा वळसा पुन्हा जाऊन पोहोचणार का, हा प्रश्न बांधकाम क्षेत्राला भेडसावतो आहे.

पाव शतकाच्या या वाटचालीत एक गोष्ट मात्र पक्की झाली आहे. वादातील एका पक्षाने आपल्याच मर्जीने न्यायाधीश निवडायचा, हे आता न्यायालय मान्य करीत नाही. तरी न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये, यासाठीची वेळ करारावर सही करण्याच्या दिवशीचीच. लवाद कोण नेमणार, किती जण असणार, कोणत्या शहरात बसणार आणि तो 'नेमला जाईल' की 'नेमता येईल', या चार गोष्टी त्या दिवशी वाचायला दहा मिनिटे पुरतात.